तिच्या उंचीचा लोड

सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघांनी कफनाचं कापड फाडलं. आमच्या घरात हे नेहमीचं काम. मोहल्ल्यात बाई वारली की तिला शेवटची आंघोळ, म्हणजे गुस्ल, माझी बायको द्यायची. चाळीस वर्षं. एक कफन पेटीत तयार असावं म्हणून आधीच फाडून ठेवायची. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

"अहो, ताणून धरा. लोळायची गादी नाय ती."

मी पिंजारी. नाशकात गाद्या-उशा भरून संसार केला, म्हणून हा टोमणा रोजचाच. मग म्हणाली, "तुम्हाला गडीमाणसं धुतील. मला कोण धुणार?"

"तू कशाला मरतेस? दुसऱ्यांना धुण्यातून सवड कुठंय तुला!"

हसली. दुपारी भाकरी टाकता टाकता ओट्यापाशी खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन नाही म्हणून गेला. तवा अजून गरम होता.

मोहल्ल्यातल्या बायका जमल्या आणि एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. एकीलाही गुस्ल येत नव्हतं. यांच्या आयांना, सासवांना हिनंच धुतलं होतं. एक म्हणे भीती वाटते, एक म्हणे चुकलं तर गुनाह लागेल. शेवटी माझी सून पुढं झाली. पडद्याआड व्हिडिओ लावून मोबाइल उभा केला, त्यातली बाई सांगेल तसं करायचं.

आमच्यात नवऱ्यानं बायकोच्या मयतीला हात लावायचा नसतो. मी पडद्याबाहेर बसलो. आत मोबाइल बोलत होता आणि मध्येच साबणाची जाहिरात लागली. गाणं वाजायला लागलं. माझ्या बायकोच्या मयतीवर!

"बंद कर ते!" मी ओरडलो. "पाण्यात बोराची पानं टाकली का?"

"नाही अब्बा." सून रडत होती. "तुम्हीच सांगा आता."

मग मी सांगितलं. जेवताना ती बोलायची ते सगळं कानात होतं. पोटावरून हलका हात. आधी उजवी बाजू, मग डावी. शेवटच्या पाण्यात कापूर. केसांच्या दोन वेण्या, छातीवर. सकाळचं कापड तिलाच लागलं.

खरं लिहितो. सुनेला बरोबर घेऊन जाते, शिकवते, असं ती कितीदा म्हणाली. मीच अडवलं. "लेकुरवाळी पोर, तिला कशाला मढ्याला हात लावायला लावतेस?" मला वाटायचं मी मोठा मायाळू.

दुसऱ्या दिवशी फजरची, पहाटेची नमाज पढून आलो आणि कापूस काढला. जुन्या चादरीची खोळ शिवली, तिच्या उंचीची. ठासून भरली. डोक्याच्या जागी सुतळीचे दोन पेड टाचले. लोड फळीवर ठेवला, पाणी तापवलं, सुनेला हाक मारली, "शेजारणींनाही बोलव, शिकायला."

चौघी आल्या. उजवी बाजू वर येईल असा लोड डाव्या कुशीवर केला आणि तांब्या सुनेच्या हातात दिला.