ऑपरेटरशिवाय आलेला फोन

नातू म्हणतो, सायबरवाले चोर लई शिकलेले असतात. असतील. मी चौथीत शाळा सोडली, पण तसला चोर मी स्वतःच्या दुकानात धरलेला आहे, आणि तेव्हा आमच्या पेठेत कंप्युटर कुणी बघितलाही नव्हता.

माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं आणि सबंध गल्लीत फोन तेवढा माझ्याकडं. कुणाचा फोन आला की मी हाक मारायची, त्यानं पळत यायचं. दुकानापुढच्या बाकड्यावर कुणीही पेपर वाचत बसायचं, मी तिकडं बघायचोही नाही. गावातल्या गावात फोन सरळ लागायचा, पण बाहेरगावचा ट्रंक कॉल असला की आधी एक्स्चेंजमधली ऑपरेटर बाई बोलायची, मग पलीकडचा माणूस. त्याला ऐकू जावं म्हणून इकडच्यानं बेंबीच्या देठापासून ओरडायचं.

गल्लीत एक ट्रक ड्रायव्हर राहायचा. त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. तो गूळ घेऊन पुण्याला गेला असताना एका सकाळी फोन आला. "साताऱ्याच्या दवाखान्यातनं बोलतोय. ड्रायव्हरची गुळाची गाडी उलटली. ऑपरेशन करायचंय. आमचा माणूस तिकडं येतोय, बायकोच्या सोन्याच्या पाटल्या त्याच्याकडं द्या. वेळ लावू नका."

त्यानं घेतलेलं नाव, गाडी, गूळ, पाटल्या, सगळं बरोबर. मी वहिनींना निरोप दिला. परत येताना मात्र डोक्यात आलं, साताऱ्याचा फोन, आणि मधे बाई बोललीच नाही? आवाजही शेजारच्या पेठेतला असावा इतका स्वच्छ. ड्रायव्हर पुण्यात गूळ उतरवायचा आणि जिथनं वहिनींना फोन करायचा, त्या गोडाऊनला मी लगेच अर्जंट कॉल लावला.

तेवढ्यात वहिनी पाटल्या रुमालात बांधून रडत आल्या आणि मागोमाग इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस.

"द्या लवकर, एसटी सुटंल."

"बसा पावणं," मी म्हटलं. "पुण्याचा फोन येऊ द्या, मग बघू."

"तवर माणूस मरंल!"

वहिनी माझ्यावरच उसळल्या. "भावजी, सरका बाजूला! ह्यांचं काय झालं तर तुमच्या दारात डोकं आपटून घीन!"

"घ्या आपटून. फोन आल्याबिगर पाटली हलायची न्हाय." मी पायरीवर आडवा उभा राहिलो. खरंच गाडी उलटली असली तर?

घंटी वाजली. "पुणे बोला," बाई म्हणाली. ड्रायव्हर गोडाऊनमध्येच पोती उतरवून घेत होता. वहिनींनी रिसीव्हर हिसकावला.

"जित्तं हायसा न्हवं? मग बोला की कायतरी!"

पावणा पायरीकडं सरकला. मी त्याची कॉलर धरली. "वहिनींच्या घरातलं एवढं तुला कुणी सांगितलं रं?"

"कुणी कशाला? तुमच्याच बाकड्यावर पेपर वाचत बसलतो. ह्या बाई फोनवर वरडून समदं सांगत्यात की."

"मग ह्यांनाच का धरलंस?"

"बाकीच्या फोनवर भांडत्यात, धा सवाल करत्यात. ही येकच म्हणती, गाडी जपून चालवा. असलं माणूस इचारत बसत न्हाय, पळत येतं."

हे त्यानं अगदी सरळ सांगितलं, एखादा गवंडी भिंतीबद्दल सांगेल तसं. तेव्हा मला तो पुरता कळला. त्याला कुलूप फोडता येत नव्हतं, आणि गरजही नव्हती. आपला जीव कुणात अडकलाय, एवढंच तो हुडकत होता. आजचा फोनवरचा चोरही तेच हुडकतो. नातवाला मी हे सांगितलंय, पटो न पटो.

एका पोराला सायकल देऊन चौकीवर धाडलं आणि पोलीस येईपर्यंत मी त्याला बाकड्यावर दाबून बसवला. वहिनी अजून ओरडतच होत्या. पाटल्या, मी, चोर, सगळं पुण्याला ऐकवत होत्या. हळू बोला, असं मी काही म्हटलं नाही.