उजव्या हातातलं घड्याळ

सुट्टीत मी जरा लोळत राहिले की माझं घड्याळ बंद पडतं. त्याला सेल नाही, रोज चावी द्यावी लागत नाही. हात हलला की ते चालतं. जळगावच्या आमच्या शाळेतल्या तरुण शिक्षिका पावलं मोजणारी घड्याळं बांधतात. माझी पिवळी पडलेली तबकडी बघून म्हणतात, "मॅडम, याला आता पेन्शन द्या. आणि बांधता तेही उजव्या हातात!" मी बांधणार, उजव्याच हातात बांधणार.

हे आबांचं, माझ्या वडिलांचं. लग्नात आईच्या माहेरून मिळालेलं. त्या काळी जावयाला घड्याळ म्हणजे केवढा मान, त्यातून हे ऑटोमॅटिक! शिरपूरजवळच्या आमच्या गावात येईल त्याच्या कानाशी नेऊन आबा ते हलवून दाखवायचे. आत चक्री फिरल्याचा बारीक आवाज यायचा. कपाशीच्या शेतात दिवसभर राबणाऱ्या हातावर ते बंद पडायचा प्रश्नच नव्हता.

मग आबांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मनगटावरचं घड्याळ थांबलेलं. त्यांनी ते फारच मनाला लावून घेतलं. "घड्याय थांबनं, आते मनं काय खरं नही," म्हणाले. उजव्या हातात बांधू या, असं मी सुचवलं तर माझ्यावरच डाफरले. पुरुषाचं घड्याळ डाव्याच हातात! त्यांचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आईनं वाद घातला नाही. जन्मात कधी घड्याळ न बांधलेली ती बाई सकाळी ते आबांच्या हातातून काढायची आणि आपल्या उजव्या हातात बांगड्यांच्या वर चढवायची. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, अंगण झाडायची, भाजलेली वांगी भरतासाठी ठेचायची. काचेवर पीठ बसायचं. संध्याकाळी पदरानं पुसून ते पुन्हा आबांच्या लुळ्या मनगटावर बांधायची. आबा उजव्या हातानं डावा हात उचलून कानाशी न्यायचे. टिकटिक ऐकली की झोपायचे.

पुढे आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ती काळा चष्मा लावून खाटेवर पडलेली. मे महिन्याची दुपार, त्यात वीज गेलेली. तिला मात्र एकच घोर.

"घड्याय बंद पडी जाई ना!"

मी बांधते म्हटलं. आबांनी नकारार्थी मान हलवली.

"मना उजवा हातमा बांध."

मी बघतच राहिले. बांधलं. मग त्यांनी खुर्ची आईच्या खाटेजवळ सरकवायला लावली, हातपंखा मागितला आणि तिला वारा घालायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," आई लाजून म्हणाली. "लोक काय म्हनतीन?"

"तुले वारा कोन घालस?" आबा गुरगुरले. "घड्याय चालू ठेवी ऱ्हायनू मी."

उभ्या आयुष्यात त्यांनी तिला तांब्याभर पाणी दिलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रडू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं वीज आली. बाहेर येऊन बघते तर छताचा पंखा गरगर फिरत होता, आई गाढ झोपली होती, आणि आबा अजून वारा घालत होते.