कुरुळीच्या वीराचं इंजिन

रहाटणीच्या दौलतराव नखात्यांना गावात कुणी प्रोफेसर म्हणायचं नाही. गावाच्या लेखी ते सोपानरावांचे थोरले चिरंजीव, शिकून-सवरून रोज सायकल मारत पुण्याला जाणारे. बैलामागं चालायचं सोडून त्यांनी विजार चढवली, लढाईच्या काळात विमानतळावर मेकॅनिक झाले, लढाई संपल्यावर वयाची लाज न धरता पोरांच्या शेजारी बाकावर बसून इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढं कॉलेजातच शिकवायला लागले. पगार चांगला, बायको सुमनताई शहाणी, घरची भाकरी. एवढ्यावर माणसानं गप बसावं की नाही? पण छे! त्यांच्या डोक्यात विमानविद्येचं खूळ शिरलं होतं.

खूळ म्हणजे काय, तर मुलांनी यंत्रांची नाहीतर बांधकामाची पदवी घ्यायचीच, पण तिच्या जोडीला विमानाचे दोन-चार विषय शिकायचे. पंख विमानाला उचलतो कसा, इंजिन ओढतं कसं, हवेत पत्रा फाटतो तो कुठं. वेगळी पदवी नको, वेगळी इमारत नको, आहे त्याच अभ्यासाला एक जोडविषय. ऐकायला किती सोपं! पण साल होतं एकोणीसशे छप्पन्न. देशाला धरणं हवी होती, पूल हवे होते. पिंपरीच्या माळावर नुकते कुठं कारखाने उभे राहत होते. अशात विमान कशाला, असं तोंडावर विचारणारे सहकारी कॉलेजात काही कमी नव्हते.

दौलतराव चिडायचे. "लढाईभर मी विमानं पुसली," ते म्हणायचे. "साहेब सांगायचा, हा बोल्ट आवळ. आम्ही आवळायचो. का आवळायचा, हे विचारायची सोय नव्हती. आता साहेब गेला. आता तरी आपल्या पोरांनी विचारायला नको?" बोलताना आवाज चढायचा, आणि मग सायकलवरून घरी येताना त्यांचं त्यांनाच वाईट वाटायचं.

प्रिन्सिपॉल माणूस वाईट नव्हता. त्यानं स्वच्छ सांगितलं, "विद्यापीठाची समिती येणार आहे. तिला दाखवायला एक खरं विमानाचं इंजिन पाहिजे. फळ्यावरच्या चित्रांवर विषय मंजूर होत नसतो. आणि नखाते, यंदा नाही झालं तर पुन्हा ही गोष्ट माझ्याकडं आणू नका."

इथंच घोडं अडलं. दौलतरावांनी लष्करी गोदामांचे उंबरठे झिजवले. कुणी हसून चहा पाजला, कुणी चहासुद्धा पाजला नाही. शेवटी वाट दाखवली ती सोपानरावांनी. म्हातारा चाकणच्या बाजाराला गेला होता, तिथून ऐकून आला. पायातल्या वहाणा काढता काढता म्हणाला, "अरं, इंजान इंजान करून का जीव टाकतुयास? कुरुळीच्या वीराला हाय की येक."

ते खरं होतं. लढाईच्या दिवसांत, हरभरा काढणीला आला असताना, कुरुळीच्या शिवारात शिकाऊ वैमानिकाचं एक विमान पडलं होतं. रानातली सगळी माणसं गावाकडं पळाली. एक माणूस तेवढा उलटा, विमानाकडं पळाला. तो गावातल्याच गोजाबाईचा मालक. त्यानं त्या गोऱ्या पोराला कमरेपर्यंत बाहेर ओढलं आणि तेवढ्यात पेट्रोल भडकलं. दोघंही गेले. पलटणीच्या लोकांनी येऊन गोऱ्याचा देह नेला, पत्रे नेले. इंजिन मात्र बांधाखालच्या काळ्या मातीत रुतून बसलं होतं, ते त्यांनी तिथंच टाकलं. असा अवचित गेलेला माणूस गाव वीर मानतं, त्याच्या नावानं दगड मांडून त्याला शेंदूर फासतं. कुरुळीनं वेगळा दगड मांडलाच नाही. इंजिनालाच वीर मानलं. दर अमावास्येला गोजाबाई यायची, तेलात शेंदूर कालवायची आणि इंजिनाला लेप द्यायची. थरावर थर चढले. नऊ सिलिंडरांचं ते गोल इंजिन इतकं फुगलं की आतला आकारही ओळखू येईना.

दौलतराव कुरुळीला पोचले तेव्हा ती बांधावर उभी होती. उंच, सुकलेली, चाळिशीची बाई. शेजारी तिचा दीर बबनराव. इंजिनापायी नांगर वळवावा लागतो, ही त्याची जुनी तक्रार. आणि भंगारवाला दोनदा येऊन गेलाय, हे त्यानं दौलतरावांनी न विचारताच सांगितलं.

गोजाबाईनं एवढंच विचारलं, "काय शिकवनार ह्येच्यावर?"

"इमान उडतं कसं, ते." दौलतरावांची भाषाही रानात आल्यावर आपोआप रानातली झाली.

"आन् पडतं कसं, त्ये?"

"ते बी. आधी तेच."

ती दिराकडं न बघता म्हणाली, "भंगारात जान्यापरीस साळंत जाऊं द्या. न्या मास्तर. पर येक हाय. शेंदूर तुमास्नी काढावा लागंल, त्ये कळतंय मला. वीराचं कवच असं खरवडत न्हाईत. चैताच्या आवसंला मी येती. तेल सोडायचं, ऊन पानी घालायचं, त्ये आपसूक सुटंस्तवर थांबायचं. नव्या फडक्यात बांधायचं आन् नदीत सोडायचं. तवर हात लावू नगा."

"शब्द दिला, मावशी," दौलतराव म्हणाले. तेव्हा तो त्यांनी मनापासून दिला होता.

बैलगाडीनं रस्त्यापर्यंत आणि तिथून मालमोटारीनं इंजिन पुण्याला आलं. गोजाबाईनं रिकाम्या खड्ड्याशी वीराच्या जागी ओढ्यातला एक गोटा मांडला. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये उतरवताना शेंदराचा एक टवका उडाला आणि दौलतराव बघतच राहिले. आतला धातू स्वच्छ! पुलाच्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून शेंदराचाच रंग देतात, हे ते स्वतः मुलांना शिकवत होते. इतक्या वर्षांचं पाऊसपाणी त्या बाईच्या तेल-शेंदरानं बाहेरच रोखलं होतं. माणूस इतका हरखला की त्या दिवशी फिटर मारुतरावांना त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी खाऊ घातली.

आणि मग समितीची तारीख अलीकडं आली. अमावास्येच्या आधी, आठवडा संपायच्या आत. प्रिन्सिपॉल वर्कशॉपमध्ये डोकावला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "अहो नखाते, हे काय देवळातून उचलून आणलंत? ना सिलिंडर दिसतोय, ना काही. साफ करून घ्या, नाहीतर समितीला मीच नको म्हणून कळवतो."

आता काय करायला हवं होतं? कुरुळी काही विलायतेत नव्हती. एसटी होती, सायकल होती, तोंड होतं. जाऊन सांगायचं, मावशी, अडचण अशी अशी आहे. ती लगेच आलीही असती. पण दौलतराव गेले नाहीत. ती नाही म्हणाली तर? या एका धास्तीपायी गेले नाहीत. विचारलंच नाही तर नकारही यायचा नाही, असा हिशेब भली भली माणसं करतात. यांनीही केला.

मारुतरावांनी हात जोडले. "साहेब, वीर हाय त्यो. माज्यानं न्हाई व्हायचं." मग दौलतरावांनी स्वतःच बाह्या वर केल्या. रॉकेल घेतलं, खरवडणी घेतली. लाल चिखल वर्कशॉपच्या मागच्या गटारात वाहत होता आणि खालून एकेक सिलिंडर उजळत होता. खोटं कशाला बोला, त्यांना आनंदही होत होता.

समिती आली. दौलतरावांनी पुढचा दांडा हातानं फिरवला आणि आतले दट्टे सरकल्याचा आवाज ऐकून समितीतले म्हातारे गृहस्थ उठून जवळ आले. इंजिनाखाली दौलतरावांनी सुबक अक्षरात पाटी लावली होती. इंजिनाची जात, त्याचा नंबर, अश्वशक्ती, पडलेल्या वैमानिकाचं नाव. ते नाव मिळवायला त्यांनी लष्कराच्या कचेरीत खेटे घातले होते. संध्याकाळपर्यंत विषय मंजूर झाला. जूनपासून यंत्र आणि बांधकाम, दोन्ही शाखांच्या मुलांना विमानविद्या घेता येणार होती. ज्यांनी वर्षभर टर उडवली त्यांनीच पेढे मागितले.

घरी सुमनताईंनी पेढा देवापुढं ठेवला आणि विचारलं, "त्या कुरुळीच्या बाईंना कळवलंत का हो?"

"येतीलच की आवसेला. तेव्हा सांगेन," दौलतराव म्हणाले आणि उठून अंगणात गेले. पेढा त्यांना गोड लागला नाही.

अमावास्येला गोजाबाई आली. एसटीनं, एकटी. हातात तेलाची बाटली, नारळ आणि नवं कोरं पांढरं फडकं. वर्कशॉपच्या दारात आली आणि थबकली. समोर इंजिन लखलखत होतं.

"कवच?" तिनं विचारलं.

"मी काढलं, मावशी. समितीचे लोक आधीच आले... मीच काढलं."

"कुठं ठिवलंय?"

यालाही उत्तर द्यावंच लागलं. त्यांनी तिला मागच्या बाजूला नेलं. गटाराच्या काठाला लाल गाळ सुकून भेगाळला होता. तिनं आरडाओरडा केला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि नखांनी गाळ उकरून फडक्यात भरायला लागली. दौलतराव शेजारी बसले. खिडकीतून मुलं बघत होती, बघू देत. इस्त्रीची विजार चिखलात टेकली, टेकू दे. आयुष्यात इतकी शरम त्या माणसाला कधी वाटली नव्हती.

"इंजिन परत आणून देतो," ते म्हणाले. "आजच गाडी बघतो."

"आन् तुमचा इषय?"

"मोडला तर मोडला." आणि त्या घटकेला ते खरंच मोडायला तयार होते.

गोजाबाईचे हात थांबले. "नगं. पोरांनी काय केलंय?" ती म्हणाली. मग फडक्याला गाठ मारली. "चला नदीवर. खरवडलं तुमी, तवा सोडायचं बी तुमीच."

नदी लांब नव्हती. चैत्रातलं पाणी, जेमतेम गुडघाभर. दौलतराव चपला काढून आत उतरले. गोजाबाईनं काठावर नारळ फोडला, तेलाची धार पाण्यात सोडली आणि गाठोडं त्यांच्या ओंजळीत दिलं.

"आता नाव घ्या त्येंचं," ती म्हणाली, "आन् सोडा."

दौलतरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. गोऱ्या पोराचं नाव त्यांना येत होतं, आडनावासकट. इंजिनाचा नंबर तोंडपाठ होता. या माणसाचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. गावात सगळे वीर म्हणायचे, तेही वीरच म्हणत आले होते. त्यांनी मान वर करून गोजाबाईकडं बघितलं.

तिला कळलं. पण ती तरी कशी सांगणार? नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर जित्या माणसाला तिनं कधी नावानं हाक मारली नाही, मेल्यावर तर नाहीच. दरसाल त्याच्या नावाचा घास टाकताना बबनराव नाव घ्यायचा आणि ती खाली मान घालून उभी राहायची.

"ठावं न्हाई?" तिनं विचारलं.

दौलतरावांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

गोजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. वाहत्या पाण्याकडं बघितलं आणि रोजच्यासारख्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "ज्योतीराम."

"ज्योतीराम," दौलतराव मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी ओंजळ सोडली.