कॅन्टीनमधली लस

चाकणच्या ज्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होते, तिथला सुपरवायझर माझ्याच तालुक्यातला. मला कामाला त्यानंच लावलं. आई गेली तेव्हा गावापर्यंत गाडी घेऊन सोबत आला. मी त्याला भाऊ म्हणायचे, आणि ते तोंडदेखलं नव्हतं.

कोरोनाची लस आली तेव्हा कंपनीनं कॅन्टीनमध्येच शिबिर ठेवलं. शाळेत असताना कसल्याशा इंजेक्शननंतर माझे ओठ, डोळे सुजले होते, धाप लागली होती. मी भाऊला आदल्या दिवशीच सांगितलं.

"ताई, डॉक्टर येणारच आहेत. मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही बिनघोर या."

दुसऱ्या दिवशी नर्सनं विचारलं, "पूर्वी काही त्रास?" मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "यांचं डॉक्टरांशी बोलणं झालंय." मला वाटलं, माझ्या वतीनं तोच बोलला असणार.

लस झाल्यावर नर्स म्हणाली, "अर्धा तास इथंच बसा." मी बसले न बसले तोच भाऊ आला. "लाइन अडलीये, ताई. तिकडं बसलात काय नि इथं काय!" त्याच्या शब्दावर मी उठले.

लाइनवर पोचले आणि तळवे खाजायला लागले. कान तापले. मग घसा आतून आवळत गेला.

"भाऊ, मला श्वास..."

"घाबरलात तुम्ही. पाणी घ्या."

पाणी गिळवेना. शेजारी काम करणाऱ्या बाईनं माझा चेहरा पाहिला, हातातलं टाकलं आणि कॅन्टीनकडे धावत सुटली. नर्स बॅग घेऊनच आली. तिनं मांडीत सुई टोचली. हळूहळू छातीत हवा जायला लागली, तेव्हा मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

हॉस्पिटलात शिबिराचे डॉक्टर सोबत आले होते. म्हणाले, "मला कुणीच काही सांगितलं नाही, ताई. कळलं असतं तर कॅन्टीनमध्ये लस दिलीच नसती, आधी इथं पाठवलं असतं."

तरीही मी मनातल्या मनात भाऊची बाजू घेत राहिले. गर्दीत विसरला असेल.

कामावर परतले तेव्हा मॅनेजरसाहेबांनी दोघांनाही बोलावलं. माझ्याआधी भाऊच बोलला. "ताई उपाशीपोटी आल्या होत्या, साहेब. खुर्चीवरून आपल्या आपणच उठल्या. मी तर बसा म्हणत होतो."

बोलताना कुठं अडखळला नाही. विसरला असता तर मी समजून घेतलं असतं.

"हा खोटं बोलतोय," मी म्हणाले. साहेबांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि "झालं ते झालं" म्हणून विषय मिटवला.

बाहेर आल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "माझी नोकरी गेली असती, ताई. तुम्ही तर वाचलात ना?"

ती कंपनी मी सोडली. आता तळवड्यात एका वर्कशॉपमध्ये काम करते. लशीवर माझा राग नाही. पुढं मुलीला लस द्यायला मीच घेऊन गेले, आणि ती कितीही कुरकुरली तरी सांगितलेला वेळ पुरा होईपर्यंत तिला उठू दिलं नाही.

भाऊ अजून रहाटणीत आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. भाजी घेताना दिसला की हाक मारतो, "ताई, बरंय ना?" मी ओ देत नाही. घरी आल्यावर मात्र बराच वेळ कशात लक्ष लागत नाही.