रिकाम्या कागदावरचा कावळा

मार्केटिंगच्या नव्या नोकरीला दोन महिने झाले. दिवसभर मी लोणच्याच्या जाहिरातींसाठी ओळी लिहिते आणि प्रत्येक ओळ चार जण तपासतात. परवा जेवणाच्या सुट्टीत वंदनाताईंकडे लक्ष गेलं. आमच्या जाहिरातींची चित्रं त्याच करतात. डबा संपवून त्या एका रद्दी कागदाच्या पाठीवर खिडकीतला कावळा काढत होत्या.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"कशासाठीच नाही गं. हात अजून आपला आहे ना, ते बघते अधूनमधून."

ते ऐकलं आणि नोकरी लागल्यापासून बंद पडलेला माझा ब्लॉग आठवला. खरं तर मला भीती वाटत होती. लिहायला बसले आणि तिथेही 'आजच घरी आणा' असंच काही उमटलं तर?

रविवारी सकाळी धीर करून ब्लॉग उघडला. शेवटच्या लेखाखाली एका अनोळखी बाईंनी विचारलं होतं, "बऱ्याच दिवसांत लिहिलं नाहीत. बऱ्या आहात ना?" मी कितीतरी वेळ ते वाचत राहिले.

समोरच्या गच्चीवर एक आजोबा चादर वाळत घालत होते. वाऱ्याने ती सारखी त्यांच्याच डोक्यावर येत होती. शेवटी ते तिच्या आतच उभे राहून हसू लागले. मी तेवढंच लिहिलं आणि मोठ्याने वाचून पाहिलं. त्यात 'आजच घरी आणा' कुठेच नव्हतं.

"कोणाशी बोलतेयस गं?" आतून आईने विचारलं.

"कोणाशीच नाही," मी म्हटलं, आणि मला इतकं मोकळं हसू आलं की आई हात पुसत बाहेर आली.