तिरपं जा

निमगाव साव्याच्या आमच्या रानात, पार पल्याडच्या कोपऱ्यात, बायकोची राख पुरली आन् वर आंब्याचं रोप लावलं. माझे गुडघे गेलेत. तवापासून मी तिथवर गेलो न्हाई. कांदे निघाल्यापासून वाटेकरी पाणी सोडत न्हाई. रोप सुकाय लागलंय, हे त्यानंच सांगितलं.

पोरगा परदेशातून आला व्हता, संगं कॉलेजातली नात. तिला मराठी जेमतेम कळतं. निघायच्या दिवशी पोरगा गाडी घेऊन जुन्नरला गेला, आन् ही कळशी भरून उभी. आजीच्या झाडाला पाणी घालायचं म्हणाली. मला लई बरं वाटलं.

मी म्हणालो, "हितून तिरपं जा."

तिला तिरपं कळंना. बायको जन्मभर भाकरी घेऊन तशीच यायची, बांध सोडून, मोकळ्या रानातून तिरपी. मी वरडायचो, तर म्हणायची, "सरळ यायला मी काय एसटी हाय?" तिच्या पायानं वाट पडली व्हती. ती वाट आता नांगरटीत गेली.

मला इंग्रजी येतं ते लेफ्ट, राईट, स्ट्रेट. आन् गवंड्याच्या तोंडचं एक.

"गो क्रॉस."

"क्रॉस व्हॉट, आजोबा?"

"फील्ड. फील्ड क्रॉस."

आमच्याकडं क्रॉस म्हणजे तिरपंच. ती ओके म्हणून गेली.

परत आली ती खुशीत, पाय धुळीनं भरलेले. मोबाइलवर फोटो दाखवला. पोरीनं रान सरळ ओलांडलं व्हतं, आन् समोरच्या बांधावर भावकीचं रामफळाचं रोप हाय, त्याला सगळी कळशी वतली व्हती. मोबाइल बांधाला टेकवून काढलेल्या फोटोत त्याच्यापुढं हात जोडून उभी.

तेवढ्यात पोरगा आला. त्याला मराठीत नीट सांगितलं, एक कळशी नेऊन वत. तो घड्याळ बघत म्हणाला, "राहू द्या दादा. तिला काय कळतंय. विमान चुकंल."

गेले.

आंबा वाळला. वाटेकऱ्यानं काडी उपटून बांधावर टाकली. तिकडं पोराच्या घरात रामफळाचा फोटो फ्रेम करून लावलाय म्हणं. नात फोनवर झाड कसं हाय इचारती. मी गुड म्हणतो.

माझी राख बायकोच्या शेजारी पूर, एवढं पोराला सांगायचंय. पण आता तिथं खूण न्हाई, आन् तिरपं जायला त्याला येळ न्हाई.