मुद्देमाल म्हणून सांभाळलेलं पिल्लू

हिंगोलीत माझं पिको-फॉलचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात एका तरुणानं पाळीव प्राण्यांचं दुकान टाकलं होतं. मासे, लव्हबर्ड, ससे आणि मधूनमधून कुत्र्याची पिल्लं. दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात तो शटर ओढून कुठंतरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी आतून कुईकुई ऐकू आली. त्यानंतर वास यायला लागला. त्याचा फोन बंद होता. गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून ब्लाउजचं माप द्यायला लागली तेव्हा मी मशीन थांबवलं आणि पोलीस ठाण्यात गेले.

हवालदार आले, पंचनामा झाला. पलीकडच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं कुलूप तोडलं. आत जे होतं ते फार सांगवत नाही. टाक्यांतलं पाणी हिरवं झालं होतं. पिंजऱ्यात कुत्र्याची दोन पिल्लं होती, त्यातलं एक मेलेलं. दुसऱ्याचे डोळे पुवानं चिकटले होते, अंगावरचे केस झडून खाली लालभडक खरूज दिसत होती.

"हे कोण नेतंय?" हवालदारांनी विचारलं.

जमलेली माणसं एकदम आपापल्या चपलांकडं बघायला लागली. ससे न्यायला दोघं तयार होते, पक्षीही गेले. मग मीच म्हणाले, "द्या इकडं."

त्यांनी एका कागदावर माझी सही घेतली आणि बजावलं, "ताई, ह्याला नाव-बिव ठेवू नका. हा मुद्देमाल हाय. कोर्टानं बोलावलं की घेऊन यावं लागंल."

मुद्देमालाला मान उचलता येत नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि वाचेल असं धरून चालू नका म्हणाले. घरी सासूबाईंना कुत्रं चालत नाही, म्हणून मी ते दुकानातच, मशीनच्या शेजारी खोक्यात ठेवलं. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीनं पेज पाजायची, औषधाच्या पाण्यानं अंग धुवायचं, मलम लावायचं, हात धुवायचे आणि मग कुणाच्या तरी लग्नाच्या साडीला फॉल लावायचा. एका बाईनं तिची साडी परत नेली. त्या दिवसांत पिल्लू कसं आहे म्हणून कुणीही विचारलं नाही. तसा मलाही बोलायला वेळ नव्हता.

पावसाळा सरता सरता त्याला केस आले, चांगले सोनेरी. कान लोंबायला लागले. लॅब्रेडॉर आहे हे आता आंधळ्यालाही कळलं असतं. मागचा एक पाय तेवढा आजारपणानंतर थरथरायचा, तो तसाच राहिला. आणि मग मालक उगवायला लागले.

आधी मोबाईलवाला. पट्टा घेऊनच आला. म्हणाला, "शटर मी खोललं ना, ताई. न्हाई तर मेलंच असतं." मला वाटलं मस्करी करतोय. पण तो गळ्याचं माप घ्यायला लागला, तेव्हा मी त्याला पट्ट्यासकट बाहेर काढलं.

त्यानंतर कळमनुरीकडचे एक शेतकरी आले. त्यांनी म्हणे हेच पिल्लू आधी पसंत करून ठेवलं होतं. वडील आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, एकटे असतात, त्यांच्या सोबतीला. माणूस बोलायला इतका सभ्य की भांडताही येईना.

"पसंत केलं तर मधी एकदा बघायला काहून आला न्हाईत?" मी विचारलं.

"दुकान बंद पडलं हेच म्हाईत नव्हतं, ताई. आमी सोयाबीनच्या पेरणीत गुतलेलो."

ते दर आठवडी बाजाराच्या दिवशी यायचे, खोक्यापाशी बसायचे, "बरं हाय ना?" विचारायचे आणि जायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

शेवटी तो दुकानवाला परतला. दाढी वाढलेली, पण अंगात नवा शर्ट.

"मावशी, माझं पिल्लू द्या."

"सोडून काहून गेलतास?"

"सासऱ्याला ॲटॅक आला. नांदेडला होतो. दाणापाणी ठेवूनच गेलतो, मावशी."

"दुसरं मेलं ते काय दाणे जास्त झाले म्हणून?"

त्यानं खिशातून एक कागद काढला. मग हळूच म्हणाला, "माझ्याकडं घेतल्याचं बिल हाय."

म्हणजे पुन्हा पोलीस ठाणं. हवालदार मला बघून कंटाळलेच होते. "मी आधीच म्हणलो होतो, ताई," एवढंच बोलले. मग कोर्ट. पिल्लाला दोरी बांधून स्कूटीवर पायाशी बसवून नेलं. व्हरांड्यात ते मुतलं, तेही मीच पुसलं. आत मला जेमतेम बोलता आलं. माझा कागद माझ्याच विरुद्ध निघाला. मी जनावर दुसऱ्याच्या वतीनं सांभाळते आहे, असं त्यावर मीच सही करून दिलं होतं. जनावरांच्या हालांचा दुकानवाल्यावरचा खटला चालू राहील, पिल्लू तोवर त्याच्याकडंच, आणि त्यानं ते विकायचं नाही, असं ठरलं. त्यानं मान डोलावली आणि दोरी ओढली. पिल्लू कुईकुई करत होतं. मी बाहेर येऊन स्कूटीची चावी शोधत बसले, ती हातातच होती.

महिनाभरात कळलं की पिल्लू कळमनुरीकडच्या त्या माणसाकडं गेलं. मी दुकानवाल्याला जाब विचारला.

"विकलं न्हाई, मावशी. सांभाळायला दिलंय."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी बसनं कळमनुरी गाठली आणि पुढं रिक्षानं त्या आखाड्यावर गेले. चार गोष्टी सुनावायच्या म्हणूनच गेले होते. लिंबाखाली बाजेवर एक म्हातारे बसले होते आणि बाजेखाली ते पसरलं होतं, माझ्या खोक्यात आता कधीच मावलं नसतं एवढं. मला बघून उठलं, हात हुंगला, सगळं अंग हलवत पायात घोटाळलं. आणि थोड्या वेळानं परत जाऊन म्हाताऱ्यांच्या पायाशी बसलं.

"तूच का ती मशीनवाली?" म्हातारे म्हणाले. "बस, बाई. ह्याचा पाय थंडीत लई थरथरून राहिलाय. मी तेल लावतो. बराबर हाय का?"

सांगायला आणलेलं सगळं विसरून मी बाजेवर बसले आणि तेल कसं लावायचं ते दाखवलं. कोमट करून, खालून वर. निघताना त्यांच्या मुलानं, बाजाराच्या दिवशी येणाऱ्या त्या शेतकऱ्यानं, अगदी अदबीनं माझा नंबर मागितला. तो मी का दिला, देव जाणे.

आता फोन येतात, तेही बरोबर लग्नसराईत, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना.

"ताई, सकाळपासून खाऊन न्हाई राहिला."

"तुमचं कुत्रं आहे. कोर्टाला विचारा."

"व्हय, ताई." एवढंच म्हणतात. पण फोन ठेवत नाहीत.

"काल काय दिलं होतं?" मी विचारते. "शी कशी झाली? पातळ का?"

समोर उभी असलेली गिऱ्हाईक बाई माझ्याकडं बघते, मी फोन खांद्याशी दाबून धरते आणि शिवण वाकडी जाते.